सौंसर-पांढुर्ण्याच्या स्त्रिया आणि पक्षांचा उंबरठा

आपल्या घरांत स्त्रियांच्या राजकारणाचा विषय निघाला की पहिले नाव अहिल्याबाईंचे येते. ते यावे हे योग्यच आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंत ज्या बाईने माळव्याचा कारभार सांभाळला, तिची त्रिशताब्दी २०२५ साली साजरी झाली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना घरच्याच एका वडीलधाऱ्या स्त्रीचा गौरव होत आहे असे वाटले असेल. पण अशा थोर नावाचा एक तोटाही असतो. ते उच्चारले की मन तृप्त होते, आणि आजच्या बाईचे कसे काय चालले आहे हे विचारावयाचे राहून जाते. म्हणून आज नर्मदा ओलांडून, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेल्या एका मराठी मुलखाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

सौंसर आणि पांढुर्णा हा तो मुलूख. घाटावरच्या छिंदवाड्याहून तो निराळा दिसतो. इकडे संत्र्यांच्या बागा, कापूस, पोळ्याचा सण आणि घरात चालणारी वऱ्हाडी वळणाची मराठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे ह्या गावाचे नाव दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. तेथील बायकांच्या राजकारणाविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही.

त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक आहे, तो प्रथम ध्यानी घ्यावा. आपले पूर्वज होळकरांबरोबर किंवा शिंद्यांबरोबर देशावरून इकडे आले आणि येथलेच झाले. सौंसर-पांढुर्ण्याची माणसे कोठून आली नाहीत. सीमा मात्र त्यांच्या अंगणातून गेली. १९५६ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि हा मुलूख भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिला. लेकी-सुनांची देवाणघेवाण काटोल, नरखेड, वरुडशीच चालू राहिली; पण सभा, अर्ज, शिष्टमंडळे आणि तिकिटे भोपाळला गेली.

ह्याचा स्त्रियांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. नागपूर राजधानी होती तेव्हा मराठी बोलणाऱ्या बाईला विधिमंडळ परके नव्हते. अनसूयाबाई काळे १९३७ साली निवडून आलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या, आणि पुढे १९५२ व १९५७ मध्ये नागपुराहून लोकसभेवर गेल्या. हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान त्याच प्रांताच्या विधिमंडळात बसत. फेब्रुवारी १९४८ मध्ये नागपुराहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या कर्त्या स्त्रिया एका राजधानीत दिसत होत्या. १९५६ नंतर सौंसरच्या बाईला राजकारण करावयाचे तर माजघरातून ओटीवर येणे पुरेसे राहिले नाही; ओटीवरून भोपाळच्या हिंदी दरबारात जाणे भाग पडले. पुरुष बाजारात, कचेरीत, आगगाडीत हिंदी सहज शिकला. बाईला तेवढे फिरू कोणी दिले?

आता निवडणुकींचा हिशेब पाहू. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ छिंदवाडा लोकसभा मतदारसंघात मोडतात. १९५२ पासून ह्या लोकसभा मतदारसंघाने एकच स्त्री निवडून दिली, आणि तीही वर्षभरापेक्षा कमी काळ. १९९६ साली जैन हवाला प्रकरणात नाव आल्यामुळे काँग्रेसने कमलनाथ ह्यांना उमेदवारी दिली नाही. ती त्यांच्या पत्नी अलका नाथ ह्यांना दिली, आणि त्या निवडून आल्या. त्या प्रकरणातील खटले पुढे न्यायालयात टिकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वर्ष भरण्याच्या आत अलका नाथ ह्यांनी जागा मोकळी केली. फेब्रुवारी १९९७ च्या पोटनिवडणुकीत स्वतः कमलनाथ उभे राहिले, आणि भारतीय जनता पक्षाच्या सुंदरलाल पटवांनी त्यांना हरविले. अलका नाथांच्या योग्यतेचा येथे प्रश्न नाही. प्रश्न असा की, पक्षाला बाईची आठवण कधी झाली? घरच्या पुरुषाची खुर्ची रिकामी पडली तेव्हा.

ह्याच जिल्ह्यात दुसरे उदाहरणही आहे, आणि ते अधिक विचार करण्याजोगे आहे. अनुसूया उईके ह्या गोंड समाजाच्या बाई. महाविद्यालयात शिकवीत असत. १९८५ साली जिल्ह्यातील दमुआ मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवार म्हणून त्या आमदार झाल्या आणि अर्जुनसिंहांच्या मंत्रिमंडळात गेल्या. पुढे भारतीय जनता पक्षात आल्या, २००६ मध्ये राज्यसभेवर गेल्या, २०१९ मध्ये छत्तीसगडच्या आणि २०२३ मध्ये मणिपूरच्या राज्यपाल झाल्या. त्यांनी पक्ष बदलला हे कोणाला आवडेल, कोणाला नाही. परंतु कोणाची जागा राखण्यासाठी त्या आल्या नव्हत्या. ज्या जिल्ह्यातून अशी बाई निघू शकली, त्या जिल्ह्यात बायका मिळत नाहीत, हे पक्षांचे नेहमीचे म्हणणे टिकत नाही.

कोणी म्हणेल, पंचायतींत तर बायकाच बायका आहेत. खरे आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायत निवडणुका घेणारे पहिले राज्य मध्य प्रदेश. ते वर्ष १९९४. तेव्हा एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या, आणि २००७ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. तेव्हापासून ह्या मुलखात सरपंच बाई ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ‘सरपंचपती’ हा शब्दही तेव्हापासूनच सर्वत्र रूढ झाला, आणि त्यावर हसणाऱ्यांची कमतरता नाही. हसण्याआधी एवढे पाहावे की, जिने आयुष्यात कचेरीची पायरी चढली नव्हती, तिला पहिल्या दोन वर्षांत कोणाचा तरी हात धरावा लागला तर ते अस्वाभाविक नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती कागद स्वतः वाचून सही करू लागते. आणि पाचव्या वर्षी आरक्षणाचे चक्र फिरते, तिची जागा दुसऱ्या वर्गात जाते, आणि शिकून तयार झालेली बाई पुन्हा घरी बसते.

अडचणीची खरी गाठ येथे आहे. मध्य प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका पक्षांच्या चिन्हांवर होत नाहीत. म्हणजे जेथे निम्म्या बायका आहेत तेथे पक्ष औपचारिकरीत्या नाही, आणि जेथे पक्ष तिकीट देतो त्या विधानसभेत बायका मोजक्या. नगरपालिकांत चिन्ह आहे आणि आरक्षणही आहे. तेथे कायदा भाग पाडतो म्हणून पक्ष तिकीट देतात. त्याच्या वर कायद्याचा हात पोचत नाही आणि पक्षाचाही उठत नाही. २०२३ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेत २३० पैकी स्त्रिया २७. सौंसरहून विजय चौरे आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या पांढुर्ण्याहून नीलेश उईके हे २०१८ मध्ये निवडून आले, तेच २०२३ मध्ये पुन्हा आले.

सीमेवरच्या गावांत ह्यात आणखी एक अडचण मिसळते. ती शहरात बसून सुचत नाही. नरखेडची मुलगी पांढुर्ण्याला सून म्हणून येते. तिच्या माहेरचा जातीचा दाखला महाराष्ट्राचा. एका राज्यातला अनुसूचित जातीचा वा जमातीचा हक्क दुसऱ्या राज्यात गेल्यावर आपोआप चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० व १९९४ च्या निर्णयांत सांगितले आहे. आणि जात लग्नाने मिळत नाही. राखीव जागेवर उभे राहावयाचे म्हटले की अशा सुनेपुढे हा प्रश्न उभा राहतो. सीमा आखणाऱ्यांनी नकाशा पाहिला, सोयरीक पाहिली नाही.

मत मागावयाचे असते तेव्हा मात्र बाई कोणालाच परकी नसते. मार्च २०२३ मध्ये मध्य प्रदेशाने लाडली बहना योजना सुरू केली. जूनपासून महिना १,००० रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले आणि ऑक्टोबरपासून १,२५० झाले. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने माझी लाडकी बहीण योजनेतून १,५०० रुपये सुरू केले. सीमेच्या अलीकडे बहीण, पलीकडे बहीण. दोन्हीकडे भाऊ सरकारात! ह्या पैशाने गरीब घरात मुलांची वह्या-पुस्तके येतात, औषध येते. त्याला नावे ठेवणे आपल्यासारख्या खाऊन-पिऊन सुखी लोकांना शोभणार नाही. पण ओवाळणी मिळाली म्हणजे बायका एकगठ्ठा मते देतात, हा जो सिद्धान्त तेव्हा मांडला गेला, तो ह्या जिल्ह्यात तरी खरा ठरला नाही. २०२३ च्या विधानसभेत राज्यभर भारतीय जनता पक्षाने १६३ जागा मिळविल्या. जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातील सातही जागा मात्र काँग्रेसकडे गेल्या. त्यानंतर सहा महिन्यांत त्याच सात मतदारसंघांनी मिळून लोकसभेला भारतीय जनता पक्षाचे विवेक साहू निवडून दिले. दोन्ही वेळा बायका मतदानाला होत्याच. म्हणजे येथील मतदार, बाई असो वा पुरुष, प्रत्येक वेळी निराळा विचार करतो. जिला विचार करून मत देता येते, तिला मत मागताही येईल, एवढा साधा निष्कर्ष काढावयास पक्ष तयार नाहीत.

वर चढण्याची वाट कशी असते हे आपल्या इंदुरातच पाहावयास मिळाले. चिपळूणची मुलगी, महाजनांच्या घरी सून म्हणून आली. सुमित्राताई १९८२ साली नगरसेविका झाल्या, १९८४ मध्ये उपमहापौर. १९८५ ची विधानसभा त्या हरल्या. पक्षाने त्यांना त्या पराभवासाठी घरी बसविले नाही; १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठींसारख्या मातब्बरासमोर उभे केले. पुढे त्या लागोपाठ आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष राहिल्या. धारच्या सावित्री ठाकूर २००४ मध्ये जिल्हा पंचायतीच्या अध्यक्ष होत्या, २०१४ मध्ये खासदार झाल्या. २०१९ मध्ये पक्षाने त्यांना तिकीट दिले नाही. २०२४ मध्ये दिले, आणि त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या. पंचायतीतून दिल्लीची वाट निघते ती अशी. त्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी पक्षाचा एक दरवाजा असतो, आणि तो आतून उघडावा लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेच्या आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तेवढाच वाटा, आणि अंमल पुढील जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर, अशी त्या कायद्याची मांडणी होती. लोकसभेत विरोधी मते अवघी दोन पडली. इतके एकमत पाहून आनंद व्हावा. पण २०२४ च्या निवडणुकीत, म्हणजे त्यानंतर आठ-नऊ महिन्यांत, त्याच पक्षांच्या तिकिटांवर लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया आल्या. आपल्या राज्याच्या २९ जागांत सहा. कायदा अमलात येईपर्यंत थांबा असे कोणी पक्षांना सांगितले नव्हते. उद्या सौंसर किंवा पांढुर्णा राखीव झाला, आणि तोपर्यंत एकाही बाईला पक्षात वाढू दिलेले नसले, तर १९९६ चाच खेळ पुन्हा होईल. आमदाराची पत्नी, मुलगी, सून रांगेत पुढे असेल, आणि पंचायतीत दहा वर्षे राबलेली बाई मागे टाळ्या वाजवील.

म्हणून हे काम आजच करावयाचे आहे, आणि ते अवघड नाही. जिल्हा नवा आहे; त्याबरोबर पक्षांच्या जिल्हा समित्याही नव्या. महिला आघाडीच्या सतरंजीवर बसवून ठेवण्याऐवजी, जेथे उमेदवारांची नावे ठरतात त्या खोलीत बायकांना बसवावे. जागेचे आरक्षण फिरले तरी जिने काम चांगले केले तिला खुल्या जागेवर पुन्हा तिकीट द्यावे. एकदा हरली तर दुसऱ्यांदा द्यावे. पुरुषांना तीन-तीनदा मिळतेच.

आणि दोन शब्द आपल्यासाठी. तेथील मराठी बाई पुढे यावी असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे आपल्याच घरची, आपल्याच जातीची बाई येते. पांढुर्ण्याची जागा गोंड बाईची असेल, सौंसरची कुणबी वा तेली घरची असेल. तिची मराठी आपल्या पुस्तकी मराठीसारखी नसेल. ती भोपाळला जाऊन अडखळत हिंदी बोलेल. तिला आपली म्हणावयाचे की नाही, हे आपल्याला ठरवावयाचे आहे. अहिल्याबाईंच्या हाती कारभार येण्याआधी त्यांना तो शिकविणारे मल्हाररावांसारखे सासरे होते, हेही तिच्या चरित्रातले एक पान आहे. तेवढे पान आपण वाचले, तरी पुष्कळ झाले.