भेट आलेली मूर्ती



इंग्लंडमध्ये नवे घर घेतले की भारतीय शेजारी, ऑफिसातील सहकारी प्रेमाने भेट आणतात आणि बहुधा त्या खोक्यातून गणपती निघतो. कधी नटराज. देणाऱ्याच्या मनात आपल्या धर्मांतराविषयी काहीही नसते. भारतीय घर म्हणजे गणपती असणारच, एवढेच त्याला ठाऊक असते. पाहुणे गेल्यावर मात्र घरात प्रश्न उरतो, हिचे करायचे काय? परत देणे असभ्य, टाकून देणे त्याहून असभ्य. मग मूर्ती काचेच्या कपाटात जाते आणि 'ही तर कला आहे' अशी आपण स्वतःची समजूत घालतो.

आपल्या आजी-आजोबांपुढे हा प्रश्न इतक्या सौम्य रूपात आला नव्हता. देव्हाऱ्यात खंडोबाचे, भवानीचे टाक असत. धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या त्या लहानशा आकृती म्हणजे कुळाची ओळख. घरात देव पुजायचा आणि गावातल्या देवळाची पायरी मात्र चढायची नाही, असा तो व्यवहार होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो अशाच एका बंद दारापुढे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर कित्येक घरांतले टाक नदीत, विहिरीत सोडले गेले. सोडणाऱ्यांचा राग त्या पत्र्यावर नव्हता. आपली पायरी कोणती, हे रोज सकाळी सांगणारी वस्तू त्यांनी घरातून काढली. देवाचा कोप होईल या भयात वाढलेल्या माणसांनी ते केले. त्या धैर्याची आपण फारशी आठवण काढत नाही.

बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या तीन पुन्हा वाचाव्यात. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, असा त्यांचा आशय आहे. कपाटातील शोभेच्या वस्तूविषयी त्यांत अक्षर नाही. काटेकोरपणे पाहता भेटीचा गणपती घरात असल्याने प्रतिज्ञाभंग होत नाही, आणि त्यावरून एखाद्या कुटुंबाला विहारात टोमणे मारणे मला गैर वाटते. हिंदू परंपरेतही प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत गणेशचतुर्थीची मूर्ती ही मातीच असते.

पण मूर्तीला अर्थ असतो, आणि तो कपाटातही तिच्याबरोबर असतो. नटराजाच्या पायाखाली एक बुटका देह दाबलेला आहे. त्याचे नाव अपस्मार. तो अज्ञानाचे प्रतीक, असे परंपरा सांगते. २००४ साली जिनिव्हाजवळील सर्न या विज्ञानसंस्थेच्या आवारात भारत सरकारने भेट दिलेला नटराज उभा राहिला. तिथेही पाहणाऱ्याचे लक्ष नृत्याकडेच जाते. वामनाच्या कथेत पाय बळीच्या मस्तकावर पडतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ही कथा पायाखालच्या माणसाच्या बाजूने वाचली आणि बळीराजा नायक झाला. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणणाऱ्या मराठी बायकांनी तर ती बाजू कधी सोडलीच नव्हती. आपल्या दिवाणखान्यात असे वाचन कोणी करून दाखवते का? बहुधा नाही. मूर्ती तिथे असते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

तिच्याविषयी बोलणे होते ते शाळेत. इथे धर्मशिक्षणाच्या तासाला हिंदू धर्म शिकवताना पूजेचे तबक, घंटा, लहान मूर्ती वर्गात आणतात. भारतीय चेहरा दिसला की शिक्षिका सहज विचारते, 'तुझ्या घरी हे कसे करतात?' नऊ वर्षांच्या मुलाला कपाटातला गणपती आठवतो आणि तो काहीतरी सांगून मोकळा होतो. त्याला दोष कसा द्यावा? दुसरे उत्तर आपण त्याच्याजवळ दिलेलेच नसते.

याची दुसरी बाजूही आहे. इथल्या गार्डन सेंटरमध्ये बुद्धाचे नुसते शिर विकायला ठेवलेले असते, कारंज्याशेजारी मांडण्यासाठी. आपल्याला ते खुपते, आणि खुपावेच. मोडलेल्या, लुटलेल्या मूर्तींची शिरे संग्राहकांनी युरोपात आणली, त्यांचीच ही नक्कल. पण मग शेजाऱ्याने भक्तीने दिलेला गणपती आपण 'निव्वळ शोभा' म्हणून मांडतो, तेही त्याच जातीचे नव्हे काय?

आणि आपली स्वतःची बुद्धमूर्ती? २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे मूर्तीचे त्यांना वावडे नव्हते. मात्र सांचीच्या प्राचीन शिल्पांत बुद्ध मानवी रूपात नाहीत. तिथे बोधिवृक्ष आहे, रिकामे आसन आहे, चक्र आहे. मानवी मूर्ती पुढे मथुरा आणि गांधार इथे रूढ झाली. परीक्षेच्या सकाळी मुलाला बुद्धमूर्तीपुढे गुण मागायला उभे केले, तर देव्हारा जुनाच राहिला, आतली मूर्ती तेवढी बदलली. त्याला पंचशीलाचा अर्थ मराठीत किंवा इंग्रजीत सांगता येतो का, ही चौकशी मला मूर्तीच्या उंचीपेक्षा आणि किमतीपेक्षा महत्त्वाची वाटते.

भेटीच्या मूर्तीविषयी माझे मत साधे आहे. ती हसतमुखाने घ्यावी, मनापासून आभार मानावेत आणि जिथे तिची पूजा होईल अशा ओळखीच्या घरी सन्मानाने द्यावी. देणाऱ्याने पुढे कधी विचारलेच, तर आपण बौद्ध आहोत हे सरळ सांगावे, शक्यतो मुले समोर असताना.