मोबाईल कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी पुस्तक घेऊन आली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करते आहे. म्हणाली, "आजी, मोबाईलवर व्हिडिओ बघून अभ्यास करा म्हणतात. मला नाही जमत. सोडून देऊ का?"

खरं सांगते, आधी मला रागच आला. रील बघायला जमतं, मग पाठ बघायला का नाही?

पण विचारपूस केली तेव्हा कळलं. घरात स्मार्टफोन एकच, तो दिवसभर भावाच्या खिशात. रात्री दहाला हाती येतो, तोवर दिवसाचा डेटा संपलेला. वर फोन हातात दिसला की वडील विचारणार, "कोणाशी बोलतेस?"

हे विद्यापीठ १९८९ साली आपल्या नाशकात सुरू झालं. ब्रीद आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगा घरापर्यंत आली हो, पण घरातला हंडा कोणाच्या हाती?

मोबाईलवर शिकणं मुलांना पटतं की नाही, हे फोन किती भारी आहे त्यावर ठरत नाही, असं माझं मत झालंय. हक्काचा वेळ हवा, समजेल अशी भाषा हवी, अडलं तर विचारायला माणूस हवा. आणि घरच्यांचा विश्वास हवा. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचं कौतुक झालं. पण त्याआधी त्यांनी मुलांची घरची भाषा कानडी आहे हे ओळखलं, ती स्वतः शिकून पाठ कानडीत आणले, हे आपण विसरतो. आधी मूल, मग कोड.

असो. आता ती रोज चारला येते. फोन माझा, वायफाय आमचं. वीस मिनिटं पाठ बघायचा, मग फोन बाजूला ठेवून वहीत आपल्या शब्दांत लिहायचं. एकदा तिच्या वडिलांनाही शेजारी बसवून पाठ दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण शेवटपर्यंत उठलेही नाहीत.

ती बीए होईल का? आत्ताच कसं सांगू? पण सोडायची भाषा थांबली आहे.

मंडळी, तुमच्या कपाटात जुना फोन पडून असेल तर एखाद्या मुलीला जरूर द्या. पण त्याच्यासोबत रोजचा अर्धा तासही द्या. नुसता फोन दिलात, तर तो संध्याकाळपर्यंत भावाच्या खिशात जाईल.