देशाची दोस्ती, देशाचे वैर आणि आपल्या उसाचे बिल

शिरोळ तालुक्यात ऊसदराचा विषय निघाला की कारखान्याचे चेअरमन, आमदार, खासदार, फार तर दिल्लीतले मंत्री यांची नावे निघतात. ब्राझील, इराण, मलेशिया, चीन ही नावे चावडीवर कोणी काढत नाही. पण शेतकरी बंधूंनो, २०१९ पासूनच्या घडामोडी ओळीने मांडून बघा. तुमच्या उसाच्या बिलात आणि खताच्या पोत्यात या देशांचा हात सापडतो. परराष्ट्र धोरण म्हणजे मोठ्या लोकांचे हस्तांदोलनाचे फोटो, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून चालणार नाही.

मित्रांचीच फिर्याद

ब्राझील आपला ‘ब्रिक्स’ गटातला सोबती. ऑस्ट्रेलिया ‘क्वाड’ गटातला. चीनच्या विरोधात आपण ऑस्ट्रेलियाबरोबर नौदलाच्या कवायती करतो. याच दोघांनी ग्वाटेमालाला सोबत घेऊन २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. कशाबद्दल? तर आपल्या उसाच्या एफआरपीबद्दल आणि साखरेच्या निर्यात अनुदानाबद्दल. भारत सरकार उसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देते, त्यामुळे जगात साखरेचा भाव पडतो, असे त्यांचे म्हणणे.

ही मर्यादा कुठली? नव्वदीच्या दशकात ज्या डंकेल प्रस्तावावरून गावोगाव वाद झाले, त्यातून १९९४ चा करार झाला. त्यात आपल्यासारख्या देशांना पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच असा आधार देता येईल, असे कलम आहे. एफआरपी कारखाने देतात, सरकार तिजोरीतून देत नाही, अशी बाजू भारताने मांडली. ती मानली गेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला.

आता पुढची गंमत बघा. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडले होते, कारण नवे न्यायाधीश नेमायला अमेरिका संमती देत नव्हती. अपील पडून राहिले आणि निकाल लटकला. अमेरिकेने हे आपल्यासाठी केले नव्हते, तिचे भांडण त्या संघटनेशी होते. आपल्याला फायदा आपोआप झाला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत, ब्राझील आणि अमेरिका यांनी पुढाकार घेऊन जैवइंधनाची जागतिक आघाडी उभी केली. साखरेत फिर्यादी असलेला ब्राझील इथेनॉलमध्ये भागीदार झाला. आपल्याकडे बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊबंद पाणीपुरवठा संस्थेत एकत्र बसतातच की. देशांचेही तसेच असते.

तेलाचे पैसे आणि साखरेची पोती

इराणचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणशी डॉलरमध्ये व्यवहार करता येत नव्हता. मग तोडगा निघाला. भारत इराणकडून तेल घेई आणि त्याचे रुपये इथल्याच बँकेत इराणच्या खात्यावर जमा होत. त्या रुपयांतून इराण आपल्याकडून तांदूळ, चहा, साखर नेत असे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि आपण इराणचे तेल घेणे थांबवले. खात्यावर जे रुपये शिल्लक होते, त्यातून इराणने २०१९-२० च्या हंगामात आपली भरपूर साखर उचलली. पुढे खाते आटत गेले, तशी खरेदीही आटली. आपल्या साखरेत खोट नव्हती. इराणशी भांडणही नव्हते. वॉशिंग्टनमधल्या एका निर्णयाने आपले गिऱ्हाईक गेले.

मलेशियाचे उलटे झाले. काश्मीरबद्दल तिथले पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी २०१९ मध्ये केलेली टीका दिल्लीला झोंबली. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर बंधने घातली, तेव्हा ती मलेशियाला धडा शिकवण्यासाठीच आहेत हे कोणाला सांगावे लागले नाही. त्याच महिन्यात तिथल्या मोठ्या साखर कंपनीने भारताकडून सुमारे १ लाख ३० हजार टन कच्ची साखर घेण्याचे ठरवले. खरेदी वाढवून भारताची नाराजी कमी करायची, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला. म्हणजे परक्या देशाशी बिनसले की तोटाच होतो असे नाही. वाटाघाटीत आपला माल कुठे ठेवला जातो, यावर सगळे आहे.

खताचे पोते कुठून येते?

पोटॅश आपल्याकडे खाणीतून निघत नाही, सगळे बाहेरून येते. डीएपीचा मोठा भाग आणि त्याचा कच्चा मालही बाहेरचाच. जून २०२० मध्ये गलवानला चिन्यांशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले. तरी चीनचे खत बंदरात येतच होते. २०२१ मध्ये चीनने निर्यातीवर बंधने आणली, पण ती स्वतःच्या शेतकऱ्याला खत कमी पडू नये म्हणून. त्या वर्षी जागतिक भाव आधीच चढले होते आणि डीएपीचे पोते १९०० रुपयांवर जाण्याची वेळ आली होती. केंद्राने पोत्यामागचे अनुदान ५०० वरून १२०० रुपये केले, तेव्हा ते १२०० ला मिळाले. पुढच्या वर्षी युक्रेनचे युद्ध पेटले आणि खताचे एकूण अनुदान २०२२-२३ मध्ये सुमारे अडीच लाख कोटींवर गेले.

मग जुलै २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या कंपनीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले आणि खत सोडण्याचे आश्वासन मिळाल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात रशियाच्या तेलाचे कारण पुढे करून अमेरिकेने आपल्या मालावरचा वाढीव कर ५० टक्क्यांवर नेला. कापड निर्यातदार अडचणीत आले, म्हणून केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयातकर वर्षअखेरपर्यंत माफ केला. शेजारच्या इचलकरंजीच्या मागाला स्वस्त सूत हवे, हे खरे. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याचा भाव त्यात दबला, हेही खरे.

मग आपण काय मागायचे?

पहिली मागणी निर्यातीच्या वेळेची. आपला गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, ब्राझीलची नवी साखर एप्रिलपासून येऊ लागते. आपल्याला मोकळा बाजार मिळतो तो मधल्या चार-पाच महिन्यांत. २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. पाऊस कमी झाला म्हणून २०२३-२४ मध्ये निर्यात बंद. २०२४-२५ मध्ये १० लाख टनांची परवानगी आली ती जानेवारीत, म्हणजे निम्मा हंगाम सरल्यावर. २०२५-२६ साठी १५ लाख टनांचा निर्णय नोव्हेंबरमध्येच झाला, हे बरे झाले. पण मोळी टाकायच्या आधी धोरण जाहीर करणे ही दर वर्षीची रीत व्हायला हवी. चालू-बंद करणाऱ्या दुकानाला कायमचे गिऱ्हाईक मिळत नाही.

दुसरी गोष्ट कारखान्याच्या वार्षिक सभेत विचारायची. आपल्या कारखान्याला निर्यात कोटा किती मिळाला? स्वतः निर्यात केली की दुसऱ्या कारखान्याशी कोटा बदलून घेतला? काय दराने? ७०:३० च्या हिशेबात ते पैसे धरले का? २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये होती. त्यावरचे जे मिळवायचे ते या हिशेबातूनच.

तिसरी गोष्ट सोसायटीच्या सचिवांसाठी आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांसाठी. खताची मागणी लावणीच्या तोंडावर न नोंदवता आधीच नोंदवा, म्हणजे दुकानदाराच्या लिंकिंगला बळी पडावे लागणार नाही. मळीवर चालणाऱ्या आसवनीच्या राखेतून १४.५ टक्के पोटॅश असलेले खत तयार होते. केंद्राने २०२१ मध्ये ते अनुदानाच्या यादीत घेतले. उसाचा तालुका असून आपण पोटॅशसाठी फक्त परदेशाकडे का बघायचे? मात्र आपल्याकडे क्षारपड जमीन बरीच आहे, तेव्हा माती परीक्षण केल्याशिवाय ते टाकू नका.

चीनने स्वतःच्या शेतकऱ्यासाठी खत अडवले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आपल्या ऊसवाल्यासाठी मित्राविरुद्ध फिर्याद घेऊन गेले. आपल्या पंतप्रधानांनीही ऑगस्ट २०२५ मध्ये शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असे जाहीर सांगितले. हातकणंगले मतदारसंघातून जो कोणी दिल्लीला जाईल, त्याला या शब्दाचा हिशेब दर हंगामाच्या आधी विचारा. निर्यात किती, खत कुठून आणि एफआरपीच्या त्या तक्रारीचे पुढे काय झाले, एवढे तीन प्रश्न पुरे आहेत.