संगणकावरील हिशेब आणि दुकानदाराची जबाबदारी

सावनेर हे नागपूरहून छिंदवाडा व बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचे बाजाराचे गाव. कापूस आणि संत्र्याच्या या भागात शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो हंगामात. त्यामुळे उधारीशिवाय येथे दुकानदारी होत नाही. पूर्वी ही उधारी लाल वहीत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि अनेकांनी वही मिटून गल्ल्यावर संगणक ठेवला. हे चांगलेच झाले. परंतु वही जपण्याची सवयही आपण तिच्याबरोबर मिटून टाकली, हे मात्र चांगले झाले नाही.

आमच्या एका नातलगाच्या दुकानात ऐन बाजाराच्या दिवशी बिलाचा प्रोग्राम वारंवार बंद पडू लागला. मुलाने संगणक चार वेळा बंद-चालू केला. शेवटी दुरुस्तीवाल्याने प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. प्रोग्राम चालू झाला, पण उधारीचे खाते कोरे! हाती असलेली नक्कल तीन महिन्यांपूर्वीची. मधली उधारी ग्राहकांच्या तोंडी सांगण्यावर वसूल करावी लागली. पुष्कळांनी खरे सांगितले. ज्यांनी सांगितले नाही, त्यांना विचारायला पुरावा नव्हता.

दोष संगणकाचा होता काय? आमच्या मते दोष मालकाचा होता. प्रोग्राम म्हणजे दौत-लेखणी. ती पुन्हा विकत मिळते. डेटाबेस म्हणजे वही. ती बाजारात मिळत नाही. हा फरक ज्याला कळला, तो प्रोग्राम बिघडताच सर्वांत आधी डेटाच्या फाइलींची नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून घेईल आणि मगच दुरुस्तीला हात लावू देईल.

मुनीम आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी करतो. चांगला डेटाबेसही व्यवहार आधी लॉग फाइलीत लिहितो, नंतर मुख्य फाइलीत. मध्येच वीज गेली तर लॉग वाचून तो अपुरे काम पुरे करतो किंवा रद्द करतो. म्हणून लॉग फाइल फालतू समजून पुसू नये. नक्कल काढताना तीही सोबत घ्यावी.

बिघाड ओळखण्याची रीतही सोपी आहे. एकच खाते किंवा एकच बिल उघडताना प्रोग्राम पडत असेल, तर ती नोंद खराब झाली असावी. फक्त छापताना पडत असेल, तर प्रिंटरकडे पाहावे. दोन गल्ले एकाच वेळी चालू असतानाच पडत असेल, तर जोडणीची तार आणि सामायिक फाइल तपासावी. केव्हाही, कोठेही पडत असेल, तर वीज, मेमरी किंवा हार्ड डिस्क यांचा संशय घ्यावा. डिस्कवर जागा शिल्लक आहे काय, हेही पाहावे. पडद्यावर आलेला संदेश मोबाइलने टिपून ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यूपीएसची बॅटरी लवकर थकते. ती किती मिनिटे टिकते, हे अधूनमधून पाहिलेच पाहिजे.

रोज रात्री दुकान वाढवताना प्रोग्राममधूनच बॅकअप घ्यावा. चालू प्रोग्रामची फाइल तशीच उचलली तर नक्कल सदोष निघू शकते. एक नक्कल घरी असावी. सतत संगणकाला लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह संगणकाबरोबरच व्हायरसच्या तडाख्यात सापडतो. आणि महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली रोकड होय.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. संगणक बिघडला, ही सबब तेथे उपयोगी पडत नाही. बिलांच्या क्रमांकांची एकाहून अधिक मालिका ठेवता येते. तेव्हा वेगळ्या मालिकेचे छापील बिलबुक गल्ल्यात असू द्यावे, म्हणजे प्रोग्राम बंद पडला तरी दुकान बंद पडणार नाही.

प्रोग्राम घेताना आपण फक्त किंमत विचारतो. यापुढे दोन प्रश्न आणखी विचारावेत : माझा सर्व हिशेब मला साध्या तक्त्यात काढून मिळेल काय? आणि बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येईल? एकट्याला खर्च परवडत नसेल, तर चार-पाच दुकानदारांनी मिळून गावातीलच एखाद्या शिकलेल्या तरुणाला महिन्याचे काम बांधून द्यावे. त्यालाही रोजगार मिळेल.

उधारीची नोंद ही ग्राहकाचीही अमानत आहे. ती हरवली तर आपले पैसे बुडतात, आणि ज्याने पैसे फेडले आहेत त्या गरिबाकडे दुसऱ्यांदा मागण्याचा अन्यायही आपल्या हातून घडू शकतो. ही अमानत दुरुस्तीवाल्यावर सोडून निश्चिंत राहणे व्यापाऱ्याला शोभत नाही.