छत उघडणारी जुनी मस्टँग घेतली, तर कंधारच्या वरातीत भाड्याने देता येईल का?

फोर्ड मस्टँग १९६४ साली अमेरिकेत बाजारात आली. त्या काळची, छत उघडणारी मस्टँग विक्रीला दिसली की आपल्याकडे पहिला हिशेब वरातीचा होतो: लग्नसराईत भाड्याने दिली की पैसे वसूल! पण नियम काय सांगतो?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नव्याने नोंदलेल्या गाडीवर नांदेडचा 'एमएच २६' येत नाही. 'एमएच'नंतर थेट 'व्हीए' असतं.

खरी मेख पुढे आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठीच ही गाडी रस्त्यावर आणता येते. रोजचा वापर नाही, व्यावसायिक तर नाहीच. म्हणजे वरातीचं भाडंही गेलं. साधी खासगी नोंदणी असली तरी भाड्यासाठी परमिट लागतंच.

म्हणून बयाणा देण्याआधी आरसी बघा. विंटेज नोंदणी असेल, तर विक्रीची माहिती ९० दिवसांत घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही परिवहन खात्याला द्यायची असते. हौस म्हणून घ्या. धंद्याचा हिशेब मात्र जुळणार नाही.