घरातलं तंत्र : खोक्यावरचे वॉट आणि कानातला सूर



डिसेंबरात तानसेन समारोह आटोपला की आपल्या मंडळातल्या तरुण घरांतून मला एकच विचारणा होते : ‘घरी गाणं ऐकायला स्पीकर घ्यायचाय. अमुक एक पाचशे वॉटचा आहे, घेऊन टाकू?’ कोणता घ्या ते मी सांगणार नाही. पण खोक्यावरचे चार-पाच शब्द समजले, तर दुकानात योग्य प्रश्न तुम्हीच विचाराल.

वॉट : हे शक्तीचं माप. पुढे ‘आरएमएस’ लिहिलं असेल तर ती सतत देता येणारी शक्ती. ‘पीएमपीओ’ म्हणजे क्षणभराच्या उसळीचा आकडा. तो काढायची सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे तो हवा तितका फुगवता येतो. सोपी परीक्षा सांगतो. स्पीकर बॅटरीवर चालणारा नसेल तर त्याचा अडॅप्टर वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर गुणाकार झाला २४ वॉट. मग आतून सतत शंभर वॉट कुठून निघणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

डेसिबल : आवाजाच्या पातळीचं माप. वॉट दुप्पट केले की पातळी वाढते फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट! म्हणून २० च्या जागी ४० वॉटसाठी पैसे मोजण्याआधी ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा. १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, ते ती सांगते. ८७ ऐवजी ९० असेल, तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये मिळतो.

ओहम : अँप्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे घेणाऱ्यांसाठी. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा जास्त करंट ओढतो. अँप्लिफायरवर ४ ओहम चालेल असं लिहिलेलं नसेल, तर ती जोडी जमवू नका.

टीएचडी : मूळ आवाजात यंत्राने केलेली भेसळ. ‘३० वॉट, १० टक्के टीएचडी’ याचा अर्थ, तो आकडा आवाज चांगलाच फाटल्यावर मोजला आहे. १ टक्क्याला किती वॉट मिळतात, ते विचारा.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स : आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द. तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. मोबाइलचा किंवा तळहाताएवढा स्पीकर तिथवर उतरत नाही. वरच्या स्वरांवरून मेंदू खर्जाचा अंदाज बांधतो, त्यामुळे सूर ओळखू येतो, पण तानपुऱ्याचा भरीवपणा जातो. खोक्यावर ‘५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असेल, तर पुढे ‘± ३ डेसिबल’ आहे का बघा. ते नसेल तर ५० हर्ट्झला आवाज किती क्षीण होतो, हे कळायला मार्गच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आपण ग्वाल्हेरचे. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली याच शहरात शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्याची गायकी खुल्या, मोकळ्या आवाजाची. आपल्या मुलांपर्यंत आज ती बहुधा आधी स्पीकरमधूनच पोहोचते. ‘बेस बूस्ट’ने दणदणणाऱ्या डब्यात बोल बुडतात, तबला धपधपतो आणि मूल पाच मिनिटांत ‘बोअर आहे’ म्हणून उठतं. बिचाऱ्या गाण्याचा त्यात दोष काय?

माझ्याकडे आजोबांच्या घरगुती बैठकीची एक कॅसेट आहे. तिच्यात खरखर आहे, खर्ज कमी आहे. पण बेस बूस्ट बंद केला की आजोबांचा आवाज ओळखू येतो. नातवंडांना त्यांची ओळख तेवढीच.

तेव्हा दुकानात जाताना ओळखीचं एक गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा. बेस बूस्ट बंद करायला सांगा, आवाज मध्यम ठेवा आणि आधी दोन मिनिटं नुसता तानपुरा ऐका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर न्या. शब्द स्पष्ट कळतात का, हे त्यांना विचारा.

पुढच्या अंकात, स्पीकर खोलीत कुठे ठेवावा ते पाहू.