स्क्रू पिळण्याआधी मोजा!

विरार लोकलच्या गर्दीत पिस्तुलाची पेटी छातीशी धरून रेंज गाठणाऱ्या दोस्तांनो, नवं एअर पिस्तूल आलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: ट्रिगर कधी हलका लागतो, कधी जड. आणि लगेच हातात ॲलन की! थांबा. आधी मोजा.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा आणि रेंजवरच्या ट्रिगर गेजने दहा वेळा वजन घ्या. दहा मीटरला नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतं. आकडे वरखाली झाले, तर दोष यंत्रात: सैल स्क्रू, घाण किंवा आतला खटका. सारखेच आले, तर स्वतःचं बोट तपासा. ते दर वेळी ट्रिगरवर एकाच जागी टेकतंय का?

यंत्र दगा देतंच. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पण अंदाजाने स्क्रू पिळणं हा त्यावरचा उपाय नाही. मूळ सेटिंग लिहून ठेवा, एका वेळी एकच बदल करा, खटका जाणकाराकडेच द्या. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेल्या पिस्तुलावर प्रयोग कशाला?